२१९ विधानांची बंदी

७ मार्च १२७७. पॅरिसचे बिशप एतिएन ताँपिए यांनी २१९ विधानांची यादी काढली. ही मतं शिकवणारा तर बहिष्कृत होणारच, पण ऐकणाराही. सात दिवसांत स्वतःहून कबुली दिली तरच सुटका. म्हणजे वर्गात गप्प बसलेला विद्यार्थीही आरोपी!

रोख होता विद्यापीठातल्या ॲरिस्टॉटलप्रेमी मास्तरांवर. यादीतलं एक विधान असं: देव एकाहून अधिक विश्वं निर्माण करू शकत नाही. बिशपना खटकलं ते 'शकत नाही'.

गंमत इथे आहे. 'अशक्य' म्हणायचीच चोरी झाल्यावर, 'शक्य असेल तर कसं?' हा विचार करणं आलं. शंभर वर्षांनी निकोल ओरेम अनेक विश्वांची शक्यता बारकाईने तपासत होता. (शेवटी विश्व एकच, असंच त्याने मानलं.) इतिहासकार पिएर द्युएमने तर आधुनिक विज्ञानाचा जन्मच या बंदीत पाहिला. मला ते ताणलेलं वाटतं. त्या हिशोबात भीती कुठेच धरलेली नाही.

ब्राबाँच्या सिजेरला १२७६ मध्येच धर्मचौकशीचं बोलावणं आलं होतं. तो पॅरिसच्या वर्गात परतला नाही. यादीतली काही मतं थॉमस अक्वायनसशीही जुळत होती. तो १३२३ मध्ये संत ठरला आणि १३२५ मध्ये त्याच्यापुरती बंदी उठली. सिजेर तेव्हा केव्हाच मेलेला होता.