गाठीवरचा शिक्का: लिव्हरपूल ते बडनेरा

मंडळी, सध्या जिनिंगवाल्यांच्या तोंडी एकच विषय आहे, गाठीवरचं बीआयएस चिन्ह. केंद्र सरकारनं फेब्रुवारी २०२३ मध्ये कापूस गाठींसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. देशातली गाठ असो की बाहेरून आणलेली, आयएस १२१७१ या मानकात ती बसली पाहिजे. जिनिंगवाल्यांनी विरोध केला, तारीख पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. "हे काय नवीन लफडं?" असं अकोल्यात एका ओळखीच्या जिनवाल्यानं विचारलं. म्हटलं भाऊ, नवीन कुठलं! आपल्या वऱ्हाडाला हे दीडशे वर्षांपासून माहीत आहे.

तेव्हा आयातदार होता इंग्लंड. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना हिंदुस्थानची आठवण झाली. आपला माल लिव्हरपूलच्या बाजारात 'ऊमरा' नावानं विकला जायचा. ऊमरा म्हणजे उमरावती, आपली अमरावती! पण भाव चढले तशी भेसळही चढली. गाठीत सरकी, माती, पाला, वजन वाढवायला पाणी. तिकडे हिंदी कापसाला सरसकट 'सुरत' म्हणत, आणि तो शब्द हलक्या मालासाठी शिवीसारखा वापरला जाऊ लागला.

मग मुंबई सरकारनं १८६३ चा कापूस भेसळ कायदा केला. तसा १८२९ चाही एक होता, पण त्याचा धाक कुणाला नव्हता. नव्या कायद्यात निरीक्षक, प्रेसला परवाना, गाठीमागे फी आणि भेसळ सापडली तर शिक्षा. जहाजावर चढायच्या आधी माल तपासायचा, हाच हेतू. पण निरीक्षक बसणार मुंबईला आणि माती मिसळली जाणार इकडे शेकडो मैलांवर. त्यात वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हतंच, १८५३ च्या तहानं निजामाकडून इंग्रजी कारभारात आलेला हा वेगळा मुलूख. फीवरून व्यापाऱ्यांतच कुरकुर झाली, आणि पुढे तो कायदाच गुंडाळला गेला.

फरक पडला तो दुसऱ्याच गोष्टींनी. १८६७ ला रेल्वे नागपूरपर्यंत गेली, १८७० ला खामगावचा फाटा सुरू झाला. त्याआधी आपला कापूस बैलांच्या पाठीवर पार मिर्झापूरला जायचा, वाटेत धूळ-पाऊस खात. आता खरेदीदार खामगाव-अमरावतीच्या बाजारातच उतरला. ज्याला माल घ्यायचा तोच समोर हात घालून बघायला लागला.

पण इथंच गोम आहे. वऱ्हाडात लांब धाग्याची 'बनी' पिकायची. ती मागे पडली आणि आखूड धाग्याची 'जरी' शिवारभर पसरली. सरकारी अधिकारी हळहळले. शेतकऱ्याचा हिशोब मात्र साधा होता, जरीत रुईचा उतारा जास्त, आणि बनीला त्या मानानं वाढीव भाव मिळत नव्हता. चांगल्याचे पैसेच नाहीत तर चांगलं पिकवायचं कुणासाठी?

पुढे १९२३ ला हलका कापूस चांगल्याच्या मुलखात रेल्वेनं आणून मिसळू नये म्हणून कायदा झाला. १९२५ च्या जिनिंग-प्रेसिंग कायद्यानं प्रत्येक गाठीवर प्रेसचा शिक्का आणि अनुक्रमांक आला. गाठ कुठंही फुटली तरी कोणत्या प्रेसची ते कळणार. माझ्या मते सगळ्या कायद्यांत कामाचा हाच.

आमच्या घरचा कापूस मी लहानपणी बंडीवर बसून विकायला नेला आहे. तपासणारा हात घालायचा, कवडी काढून दाखवायचा, ओलावा म्हणायचा आणि कट्टी लावायचा. स्वच्छ निघाला तर? तर "ठीक आहे" एवढंच. जास्तीचे पैसे मिळाल्याचं बाबांच्या तोंडून कधी ऐकलं नाही.

आता नांदगाव पेठला पीएम मित्रा टेक्सटाइल पार्क होतो आहे, तिथल्या गिरण्यांना स्वच्छ रुई लागणारच. तेव्हा चिन्हाचा, तपासणीचा खर्च जिनवाला कुणाकडून काढेल? पऱ्हाटी वेचणाऱ्या बाईला पालापाचोळा न येता वेचायचे किलोमागे दोन रुपये जास्त मिळणार का? आदेशावरच्या चर्चेत मला हे कुठं दिसलं नाही.

कुणाच्या घरी जुन्या प्रेसचा शिक्का किंवा गाठींची वही असेल तर फोटो नक्की पाठवा.