कार्डिगन, रॅगलन आणि तान्हें मूल

झबलें, कुंची, दुपटें हीं तान्ह्या मुलाच्या कपड्यांचीं नांवें आपल्या घरांतलींच आहेत. परंतु हिंवाळ्यांत त्या झबल्यावर जें पुढून उघडणारें लोकरीचें कार्डिगन चढतें, त्याचें नांव एका इंग्रज सरदारापासून आलें; आणि त्याच्या तिरप्या धाटणीच्या बाहीस दुसऱ्या एका सरदाराचें नांव आहे. हे दोघेहि एकाच रणांगणावरील एकाच अनर्थाचे भागीदार होते, ही गोष्ट विणणाऱ्या हातांस क्वचितच ठाऊक असते.

२५ ऑक्टोबर १८५४ रोजीं क्रिमियांतील बालाक्लाव्हा येथें रशियनांशीं लढाई चालू असतां सेनापति लॉर्ड रॅगलन यांनीं टेकडीवरून हुकूम धाडला कीं, घोडदळानें त्वरेनें पुढें होऊन शत्रूस तोफा नेऊं देऊं नयेत. कोणत्या तोफा, हें त्यांत स्पष्ट नव्हतें. रॅगलन यांना उंचावरून जें दिसत होतें तें खालीं उभ्या असलेल्या लॉर्ड ल्यूकन यांना दिसत नव्हतें. हुकूम आणणाऱ्या कॅप्टन नोलननें हातानें दाखविली ती दिशाहि मोघमच. ल्यूकन यांनीं तोच हुकूम कार्डिगनकडे दिला, आणि दरीच्या पलीकडच्या टोकाशीं असलेल्या भलत्याच तोफखान्यावर सुमारें ६७० स्वारांनीं चाल केली. शंभरावर स्वार पडले. नोलन आरंभींच ठार झाला. कार्डिगन तोफांपर्यंत जाऊन अक्षत परतले! त्यांचें धैर्य आम्ही नाकारीत नाहीं. पण एक ओळ नीट लिहिली असती तर त्या धैर्याचें प्रयोजनच उरलें नसतें.

रॅगलन यांचा उजवा हात १८१५ सालीं वॉटर्लू येथें गेला होता; गळ्यापासून काखेपर्यंत तिरपी उतरणारी सैल बाही त्यांच्या नांवानें ओळखली जाते. आपली माकडटोपीहि इंग्रजींत 'बालाक्लाव्हा'च. त्याच नोव्हेंबरांतील वादळानें थंडीचे कपडे आणणारें 'प्रिन्स' जहाज बुडालें व सैन्य कुडकुडलें, हें ध्यानीं घेतां लोकरीच्या कपड्यांनींच त्या मोहिमेचीं नांवें जपावीं हा योगायोग आम्हांस कडवट वाटतो.

या बाहीचा खरा गुण मात्र बाळाच्या कपड्यांत दिसतो. पाठ, पुढचे दोन भाग व बाह्या वेगवेगळ्या विणून शिवण्याऐवजीं गळ्याशीं थोडे टाके घालून खालीं विणत येतात. त्या टाक्यांचे पुढचा भाग, बाही, पाठ, बाही, पुढचा भाग असे पांच वांटे करावयाचे. त्यांमधील चारहि रेषांच्या दोहों बाजूंस एकेक टाका वाढविला म्हणजे त्या ओळीस आठ टाके वाढतात. काख आली कीं बाह्यांचे टाके दोऱ्यांत ओवून ठेवावयाचे, अंग पुरें करावयाचें आणि मग बाह्या उचलून मनगटापर्यंत गोल विणावयाच्या. कोवळ्या कातडीला टोंचणारी शिवण कोठेंच येत नाहीं. अमेरिकेंत बार्बारा वॉकर यांनीं १९७२ सालीं वरून खालीं विणण्याच्या याच रीतीवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलें.

आम्हांस आवडते ती तिची काटकसर. विणकाम जेथें संपतें तेथूनच सहज उसवतें, आणि येथें तें संपतें खालीं. म्हणून मूल वाढलें कीं मनगटाची किनार उसवावी, टाके पुन्हा सुईवर घ्यावे, आणि उरलेल्या लोकरीनें पुढच्या हिंवाळ्यासाठीं दोन बोटें बाही वाढवावी.