प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत स्पीकर का तपासतात?

'जगातल्या या सर्वात शांत खोलीत ४५ मिनिटांपेक्षा जास्त कुणीच टिकत नाही!' असा दावा करणारं रील तुम्हीही पाहिलं असेल. दावा भन्नाट आहे, पण गिनेसचा विक्रम खोलीच्या शांततेचा आहे, माणसाच्या सहनशक्तीचा नाही. अमेरिकेतल्या रेडमंड इथल्या मायक्रोसॉफ्टच्या खोलीत २०१५ साली उणे २०.३५ डेसिबल इतकी नोंद झाली होती. शून्य डेसिबल म्हणजे साधारण आपल्या कानांची मर्यादा!

ही खोली म्हणजे 'अ‍ॅनेकोइक चेंबर'. ती कंपन्यांना का लागते, हा खरा प्रश्न.

घरात स्पीकर लावला की आवाज थेट कानावर येतोच, शिवाय भिंती, छत, फरशी यांवर आपटूनही येतो. दोन्ही एकमेकांत मिसळतात. काही स्वर फुगतात, काही दबतात. मग बेस घुमतोय तो स्पीकरमुळे की खोलीमुळे, कसं कळणार?

म्हणून मोजमापातून खोलीच वजा करायची. भिंती, छत आणि फरशीवर फायबरग्लास किंवा फोमच्या लांब पाचरी बसवतात. त्यांच्या फटींत शिरलेला आवाज आतच जिरतो, त्याची किंचितशी उष्णता होते. १०० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर असते आणि पाचर साधारण तिच्या एक चतुर्थांश, म्हणजे ८५ सेंटीमीटर लागते. खर्जातला आवाज शोषायचा तर पाचरी आणखी लांब, खोली आणखी मोठी. (स्टुडिओत चिकटवतात त्या पातळ फोमने हे साधत नाही.) खालीही पाचरीच असल्याने माणसं वर ताणलेल्या जाळीवरून चालतात.

स्पीकर फिरत्या चकतीवर ठेवून २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे स्वर वाजवतात आणि समोरचा मायक्रोफोन प्रत्येक कोनातून मोजतो. लॅपटॉपच्या पंख्याची घरघर किंवा मायक्रोफोनची स्वतःची सूक्ष्म खरखरही इथे पकडली जाते.

पण अशा खोलीत गाणी कोण ऐकतं? शंका रास्त आहे. कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात नेमकं हेच पडताळलं. श्रोत्यांना ब्रँड न दाखवता साध्या खोलीत स्पीकर ऐकवले. चेंबरमध्ये ज्यांचा आलेख सपाट आणि बाजूच्या कोनांतूनही एकसारखा आला होता, तेच बहुतेकांना आवडले.