हृदय पुन्हा सुरू झाले, पण शुद्ध आली नाही: ईईजी काय सांगतो?

सीपीआर आणि शॉक देऊन बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू झाले, तरी बरेच रुग्ण लगेच डोळे उघडत नाहीत. रक्तपुरवठा थांबल्यावर काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांत मेंदूच्या पेशींना इजा होऊ लागते. म्हणून आयसीयूबाहेर नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, मेंदू चालू आहे ना?" यवतमाळ जिल्ह्यात त्यामागोमाग दुसरा प्रश्न येतो: नागपूरला हलवायचे की घरी न्यायचे? अनेकदा हा निर्णय दुसऱ्याच दिवशी, एका ईईजीच्या कागदावर घेतला जातो. ती घाई करू नका.

ईईजीमध्ये डोक्यावर वीसेक तारा पेस्टने चिकटवून मेंदूतील विजेच्या लहरींची नोंद घेतात. यात शॉक देत नाहीत, दुखतही नाही. केसांना तेल मात्र लावू नका. तारा नीट चिकटत नाहीत.

या तपासणीचा सर्वांत मोठा उपयोग म्हणजे लपलेली फिट सापडणे. बेशुद्ध रुग्ण शांत पडलेला दिसतो, पण मेंदूत फिट चालू असू शकते. ती ईईजीशिवाय कळत नाही, आणि कळली तर औषध देता येते. याउलट, कधी हातपाय किंवा चेहरा एकसारखा उडतो. घरच्यांना वाटते शुद्ध येते आहे. तो झटका असू शकतो. लगेच नर्सला दाखवा, जमल्यास मोबाईलवर व्हिडिओ घ्या. साधा ईईजी वीस-तीस मिनिटांचाच असतो. त्यात फिट दिसली नाही म्हणजे नाहीच, असे नव्हे. काही मोठ्या रुग्णालयांत तो सलग चालू ठेवतात. ती सोय नसेल तर पुन्हा काढता येतो.

आता अंदाजाविषयी. पहिल्या २४ तासांत लहरी सलग आणि पुरेशा उंचीच्या दिसल्या, टाळी वाजवल्यावर किंवा चिमटा काढल्यावर बदलल्या, तर ते चांगले लक्षण. २४ तासांनंतरही रेषा जवळजवळ सपाट असेल, किंवा मध्येच उसळून पुन्हा सपाट होत असेल, तर काळजीचे. पण मिडाझोलाम, प्रोपोफोलसारखी गुंगीची औषधेही रेषा दाबतात. म्हणून युरोपातील २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, हृदय सुरू झाल्यापासून किमान ७२ तास उलटल्यावर आणि गुंगीचा अंमल उतरल्यावरच अंदाज बांधावा. तोही एकट्या ईईजीवर नाही. बाहुल्यांची प्रतिक्रिया, सीटी किंवा एमआरआय आणि इतर तपासण्या जुळवून. या तीन दिवसांत ताप येऊ न देणे महत्त्वाचे असते.

सपाट ईईजी म्हणजे मेंदूमृत्यू, असा गैरसमज आहे. मेंदूमृत्यू ठरवण्यासाठी १९९४ च्या कायद्यानुसार डॉक्टरांचे मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासणी करते.

नागपूर यवतमाळहून सुमारे १५० किलोमीटर. पुसद-उमरखेडकडून आणखी लांब. रक्तदाब स्थिर नसेल तर वाटेतच धोका असतो. त्यामुळे हलवण्याआधी विचारा: तिथे असे काय होईल जे इथे होत नाही? न्यायचे ठरलेच तर व्हेंटिलेटर असलेली, डॉक्टरसह रुग्णवाहिका घ्या. सोबत ईईजीचा रिपोर्ट, हृदय किती मिनिटे बंद होते त्याची नोंद आणि गुंगीचे शेवटचे औषध किती वाजता दिले, हे लिहून घ्या.