किल्ल्यावरचे काळे कोट

मराठीत बाहुलीला नवरा आहे. बाहुला. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांची लग्नं लागतात, चुरमुऱ्यांच्या पंगती उठतात आणि व्याही रुसून आपला बाहुला घेऊन घरीही जातात. इंग्रजीत ही सोय नाही. त्यामुळे १९६४ साली अमेरिकेतल्या हॅस्ब्रो कंपनीपुढे मोठाच पेच पडला. १९५९ पासून बार्बी मुलींच्या घरोघर नांदत होती. मुलग्यांसाठी तसंच काही काढावं, तर मुलगा बाहुली हातात धरील का? आणि त्याने धरली तरी त्याचा बाप धरू देईल का?

म्हणून त्यांनी जवळजवळ बारा इंची सैनिक काढला. नाव जी. आय. जो. गालावर जखमेचा व्रण, अंग एकवीस ठिकाणी हलणारं, आणि याला चुकूनसुद्धा बाहुली म्हणायचं नाही अशी सक्त ताकीद. हा ‘ॲक्शन फिगर’! कपडे मात्र बार्बीसारखेच, वेगळे विकत घेऊन घालायचे आणि काढायचे. पत्ते कुटणं वाईट, पण ब्रिज खेळणं प्रतिष्ठेचं, त्यातलाच हा प्रकार.

हे ज्ञान मला भाच्याकडून झालं. आमचा मिलिंद न्यू जर्सीत असतो. त्याच्या घरात देव कोपऱ्यातल्या कपाटात आणि हॉलची मुख्य भिंत ‘पल्प फिक्शन’ या सिनेमाला. पुठ्ठ्यावर प्लॅस्टिकचा फुगा, फुग्यात बोटभर माणूस, असे पुठ्ठे ओळीने टांगलेले. काळा कोट, काळा टाय आणि हातात पिस्तूल. मला आधी वाटलं, वकील आहेत.

हा क्वेंटिन टॅरँटिनोचा १९९४ चा चित्रपट. कान महोत्सवात त्याला सर्वोच्च पारितोषिक मिळालं. व्हिन्सेंट आणि ज्यूल्स हे दोन भाडोत्री मारेकरी वाटेत बर्गरला पॅरिसमध्ये काय म्हणतात यावर गप्पा मारत जातात आणि मग माणसं मारतात. ज्या बॅगेपायी एवढे मुडदे पडतात तिच्यात काय आहे, ते शेवटपर्यंत सांगत नाहीत. शिवाय एक वडिलोपार्जित घड्याळ आहे, ते युद्धकैदेत कुठे लपवून ठेवलं होतं हे इथे लिहिता यायचं नाही. मिलिंदने हा सिनेमा इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर सात वेळा पाहिला. त्या वर्षी त्याचे दोन विषय का राहिले, हे ताईला अजून माहीत नाही.

“पण मिल्या, ही खेळणी कोणत्या पोरांसाठी?” मी विचारलं.

“मामा, ही खेळणी नाहीत.”

इथे पुन्हा इतिहास येतो. १९७७ च्या मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ आला आणि असा चालला, की केनर कंपनीची खेळणी नाताळपर्यंत तयारच होईनात. तेव्हा त्यांनी चक्क रिकामं पाकीट विकलं! आत एक कूपन. ते पाठवा, नव्या वर्षात चार बाहुले पोस्टाने येतील. आणि लोकांनी ते विकत घेतलं. १९७८ मध्ये ते आले, पावणेचार इंची, म्हणजे त्यांना त्यांच्या विमानात बसवता यावं. मान, दोन खांदे, दोन मांड्या, बस्स, पाचच ठिकाणी हलणारे. पोरांनी ते चिखलात पुरले, कुत्र्याला चावायला दिले, उरलेले आयांनी घर आवरताना फेकून दिले. पुढे जे न फोडलेले राहिले, त्यांना सोन्याचा भाव आला. जुन्या खेळण्यांच्या बाजाराचा सगळा पाया असा जगातल्या आयांच्या केरसुणीवर उभा आहे.

ती पोरं मोठी झाली, पगार मिळवू लागली. मग २०१४ मध्ये फंको कंपनीने मुद्दाम त्याच मापाचे, तसेच पाच सांध्यांचे, तशाच पुठ्ठ्यावरचे ‘पल्प फिक्शन’चे बाहुले काढले. ज्या सिनेमाला अमेरिकेत सतरा वर्षांखालच्या पोराला मोठ्यांशिवाय सोडत नाहीत, त्याचे! त्याच वर्षी ‘ब्रेकिंग बॅड’ या मालिकेतले अमली पदार्थवाले बाहुले एका मोठ्या खेळण्यांच्या दुकानाला मागे घ्यावे लागले. फ्लोरिडातल्या एका आईने सह्यांची मोहीम काढली होती. इथेही आईच.

तर, ही खेळणी नाहीत. मिलिंदचा सहा वर्षांचा अर्णव त्या भिंतीखालून हात पाठीमागे बांधून जायचा, वस्तुसंग्रहालयात शिकवतात तसा.

दिवाळी आली. मिलिंद आणि सूनबाई कामावर गेल्यावर मी आणि अर्णवने खोक्यांचा किल्ला रचला, बागेतली माती लिंपली, मोहरी पेरली. बुरुज झाले, तळं झालं, आरशाच्या तुकड्याचं. पण मातीची चित्रं? न्यू जर्सीत मावळा कुठून आणणार? “आजोबा, दारावर पहारा कोण देणार?” त्याने विचारलं आणि मग आम्ही दोघांनीही वर पाहिलं.

ज्यूल्सचा फुगा सहज निघाला. व्हिन्सेंटचा पुठ्ठा मात्र मधोमध फाटला. अर्ध्या तासात दोघे मारेकरी महादरवाजाच्या दोन बाजूंना उभे होते, आणि अर्णव गडाच्या पायथ्याशी पालथा पडून त्यांच्याशी मराठीत बोलत होता. या दृश्यापुढे मला पुढचं काही सुचलं नाही. सुचायला हवं होतं.

संध्याकाळी मिलिंद आला. किल्ला पाहिला, भिंत पाहिली, फाटलेला पुठ्ठा उचलून पाहिला. एक अक्षर बोलला नाही. ताईचा मुलगा आहे, तीही अशीच गप्प बसायची. मी किंमत विचारली. “राहू दे मामा,” म्हणाला. ती रात्र मला विमानाच्या तिकिटाची तारीख अलीकडे आणता येईल का, या विचारात गेली.

पहाटे अभ्यंगाला उठलो. ज्यूल्स बुरुजावर चढला होता. दारात एकटा व्हिन्सेंट. आणि तळ्याकाठी, जिथे गवळण मांडतात तिथे, पांढऱ्या सदऱ्यातली, कापलेल्या काळ्या केसांची मिया वॉलेस उभी होती. भिंतीवरचा तिचा पुठ्ठा जागच्या जागी होता. फुगा तेवढा ब्लेडने, कडेकडेने, व्यवस्थित कापलेला.