सायट्रेट सिंथेज क्रियाशीलता चाचणी

सायट्रेट सिंथेज क्रियाशीलता चाचणी ही जैविक नमुन्यातील सायट्रेट सिंथेज या विकराची क्रियाशीलता रंगबदलाच्या आधारे मोजण्याची जैवरासायनिक पद्धत आहे. हे विकर तंतुकणिकेच्या आधारकात असते व क्रेब चक्राची पहिली अभिक्रिया घडवून आणते. स्नायूंसारख्या ऊतींतील तंतुकणिकांच्या प्रमाणाचा अंदाज घेण्यासाठी ही चाचणी वापरतात.

तत्त्व

असेटिल कोएन्झाइम-ए आणि ऑक्झॅलोअसेटेट यांपासून सायट्रेट तयार होताना कोएन्झाइम-ए मुक्त होते. त्यातील थायॉल गटाची डीटीएनबी या संयुगाशी अभिक्रिया होऊन टीएनबी हे पिवळे संयुग बनते. ते ४१२ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषते. डीटीएनबीचा असा वापर जॉर्ज एलमन यांनी १९५९ मध्ये मांडला.

कार्यपद्धती

ऊतीचा नमुना थंड बफर द्रावणात वाटून घेतात. ट्रायटन एक्स-१०० या अपमार्जकाने तंतुकणिकांची पटले फोडली जातात. अन्यथा विकर आतच राहून क्रियाशीलता कमी भरते. नमुना, डीटीएनबी व असेटिल कोएन्झाइम-ए सुमारे ८.१ सामू असलेल्या बफरमध्ये मिसळून प्रथम पार्श्वभूमी दर नोंदवतात. त्यानंतर ऑक्झॅलोअसेटेट घालून एकूण दर मोजतात. नमुन्यातील इतर थायॉल संयुगेही पिवळा रंग देत असल्याने पार्श्वभूमी दर वजा करणे अत्यावश्यक असते.

गणन

समजा, एकूण दर मिनिटाला ०.१५० व पार्श्वभूमी दर ०.०१४ आहे. निव्वळ दर ०.१३६ येतो. टीएनबीचा मोलर शोषण गुणांक १३,६०० धरल्यास, १ सेंटीमीटर प्रकाशमार्गाच्या १ मिलिलिटर मिश्रणात मिनिटाला ०.०१ मायक्रोमोल उत्पादन, म्हणजेच ०.०१ एकक क्रियाशीलता मिळते. नमुन्यात ०.०५ मिलिग्रॅम प्रथिन असल्यास विशिष्ट क्रियाशीलता प्रति मिलिग्रॅम ०.२ एकक होते. काही ठिकाणी १४,१५० हा गुणांक वापरतात; त्यामुळे निष्कर्षांची तुलना करताना गुणांक व तापमान तपासावे लागते.

उपयोग व मर्यादा

तंतुकणिकांच्या विकारांच्या निदानात श्वसनसाखळीतील विकरांची क्रियाशीलता सायट्रेट सिंथेजच्या प्रमाणात मांडतात. त्यामुळे तंतुकणिकांची संख्याच कमी आहे की त्यांच्या कार्यात दोष आहे, हे ओळखण्यास मदत होते. सायट्रेट सिंथेजचे जनुक पेशीकेंद्रकात असल्याने तंतुकणिकेच्या डीएनएत दोष असूनही ही क्रियाशीलता सामान्य असू शकते. म्हणून केवळ या चाचणीवरून तंतुकणिका निरोगी असल्याचा निष्कर्ष काढता येत नाही. बफरमध्ये डीटीटी किंवा मरकॅप्टोइथेनॉल असल्यास तीही डीटीएनबीशी अभिक्रिया करतात व मापन चुकते.