ओबीडी पोर्टचे सायबर संरक्षण

ओबीडी पोर्ट म्हणजे मोटारीत स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ असणारे सोळा पिनांचे सॉकेट. ‘चेक इंजिन’चा दिवा लागला की मेकॅनिक त्यात स्कॅनर खुपसतो आणि बिघाडाचे कोड वाचतो. अमेरिकेत १९९६च्या मॉडेलांपासून ते सक्तीचे झाले. भारतात ओबीडी-२ या मानकाची सक्ती २०१३ पासून आहे. धुरावर नियंत्रण राहावे, यासाठी कायद्यानेच हे दार उघडे ठेवायला लावले. धोक्याचे मूळही तेथेच आहे.

सहाव्या आणि चौदाव्या पिनेतून कॅन बसला हात घालता येतो. बॉशने १९८६ मध्ये मांडलेल्या या जाळ्यावरून इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग यांचे ईसीयू, म्हणजे छोटे नियंत्रक संगणक, एकमेकांशी बोलतात. संदेशावर त्याचा क्रमांक असतो, पण तो कोणी पाठवला याची खूण मात्र नसते. म्हणून पोर्टमधून सोडलेला बनावट हुकूमही ब्रेकचा ईसीयू खरा मानतो. २०१० मध्ये वॉशिंग्टन राज्य आणि सॅन दिएगो येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी पोर्टला लॅपटॉप जोडून धावत्या मोटारीचे ब्रेक निकामी करून दाखवले. २०१५ मध्ये सॅन दिएगोच्याच गटाने पोर्टमध्ये लावलेल्या डोंगलला, म्हणजे बिनतारी जोडणीच्या छोट्या उपकरणाला, एसएमएस धाडून कॉर्व्हेट मोटारीचे वायपर चालवले, ब्रेकही दाबले. चोर याच पोर्टमधून नवी चावी गाडीला ओळखायला लावतात.

खरे कुलूप पोर्टवर नव्हे, त्याच्या मागे हवे. गेटवे हा ईसीयू पोर्ट आणि आतले जाळे यांच्यामध्ये बसतो. कोड वाचू देतो, हुकूम मात्र ओळख पटल्यावरच पुढे सोडतो. फियाट क्रायस्लरने २०१८च्या सुमारास असा गेटवे आणला. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सर्व नव्या गाड्यांना संयुक्त राष्ट्रांचा आर१५५ हा सायबर सुरक्षेचा नियम लागू आहे. भारतासाठी त्याच धर्तीवर एआयएस-१८९ हे मानक आहे.

मात्र ओळखपत्र फक्त कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच मिळाले, तर नाक्यावरच्या गॅरेजचे पोट मारले जाईल आणि गाडीमालकाला दुसरा पर्याय उरणार नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये २०१२ आणि २०२० मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे कायदे झाले ते यासाठीच. स्वतंत्र मेकॅनिकलाही नोंदणी करून वाजवी शुल्कात ही परवानगी मिळायलाच हवी.

गाडीमालकानेही स्वतः काळजी घ्यावी. सोळाव्या पिनेत चावी बंद असतानाही बॅटरीचा प्रवाह असतो, त्यामुळे लावून ठेवलेले डोंगल रात्रभर जागे राहू शकते. स्वस्त ब्लूटूथ डोंगलचा जोडणीचा संकेतांक बहुधा १२३४ असतो. काम झाले की डोंगल काढून ठेवावे.